बालरुग्णालयाचा उंबरठा ओलांडताना

इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी मधुमेह झालेले मूल मोठेपणी कोणत्या डॉक्टरांकडे जाणार, हा प्रश्नच उद्भवत नसे. कारण असे मूल मोठे होतच नसे. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरँटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले आणि बालपणीच्या एका प्राणघातक आजाराचे रूपांतर जन्मभर सांभाळायच्या आजारात झाले. पुढे हीच गोष्ट अनेक विकारांच्या बाबतीत घडली. हृदयातील जन्मजात दोषामुळे ओठ-नखे निळी पडणाऱ्या मुलांवर १९४४ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे पहिली उपशामक शस्त्रक्रिया झाली आणि १९५४ मध्ये मिनेसोटात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी तोच दोष, म्हणजे ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’, हृदय उघडून दुरुस्त केला. थॅलेसेमियाच्या मुलांना नियमित रक्त मिळू लागले, त्या रक्ताबरोबर शरीरात साठणारे लोह काढून टाकणारी औषधे आली. श्रीमंत देशांत आज जन्मजात हृदयविकार असलेली दहापैकी नऊ मुले प्रौढ होतात आणि या विकाराच्या रुग्णांत तेथे मुलांपेक्षा प्रौढांचीच संख्या अधिक आहे.

आपल्याकडे ही प्रगती सर्वत्र सारखी पोहोचलेली नाही. तरीही मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत टाइप १ मधुमेह, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, अपस्मार, मूत्रपिंडाचे जुने विकार किंवा हृदयाची शस्त्रक्रिया यांतून गेलेली मुले आता महाविद्यालयात जातात, नोकरी करतात, लग्नाचा विचार करतात. आजार त्यांच्याबरोबर आलेला आहे. मागे राहिले आहेत ते त्यांचे डॉक्टर.

कारण बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याला वयाची मर्यादा आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ वर्षांपर्यंतची मुले आपल्या कक्षेत मानते. प्रत्यक्षात अनेक सार्वजनिक रुग्णालयांत बालरुग्ण विभागाचे दार १२ व्या वर्षीच बंद होते. सिकल सेलच्या असह्य वेदनांनी तळमळणारा तेरा वर्षांचा मुलगा अशा वेळी पुरुषांच्या सर्वसाधारण कक्षात, हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या वृद्ध रुग्णांशेजारच्या खाटेवर दाखल होतो. सरकारी योजनांनाही ही सीमा आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि हृदयशस्त्रक्रियेसारखे महागडे उपचारही मोफत मिळतात. अठरावा वाढदिवस झाला की हा आधार संपतो. हृदय मात्र तेच असते.

बदली आणि संक्रमण

वैद्यकशास्त्रात या विषयाची स्वतंत्र चर्चा सुरू होऊन तीन दशके उलटली. अमेरिकेतील किशोरवयीन आरोग्याच्या तज्ज्ञसंघटनेने १९९३ मध्ये एक भूमिकापत्र प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य मुद्दा असा, की बालरोगतज्ज्ञाकडून प्रौढांच्या डॉक्टरांकडे जाणे ही एका दिवसाची घटना नसून हेतुपूर्वक आखलेली, काही वर्षे चालणारी प्रक्रिया असावी. ज्या दिवशी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते ती झाली बदली. त्या दिवसाच्या आधीची आणि नंतरची जी तयारी असते, ते संक्रमण. (हिंदीच्या प्रभावाने आपण ‘संक्रमण’ हा शब्द अलीकडे रोगाच्या संसर्गासाठी वापरू लागलो आहोत. परंतु सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो त्यालाही आपण संक्रमणच म्हणत आलो आहोत आणि येथे तोच अर्थ अभिप्रेत आहे.)

परळला वाडिया बालरुग्णालय आणि केईएम रुग्णालय ही १९२० च्या दशकात उभी राहिलेली दोन नामवंत रुग्णालये एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. मुंबईत किंवा पुण्यात मुलांचे डॉक्टर आणि मोठ्यांचे डॉक्टर यांच्यातील रस्त्याचे अंतर हे असे थोडेच असते. तेवढ्या अंतरात रुग्ण हरवतो तो रस्ता लांब असल्यामुळे नव्हे. दोन्हीकडची रीत वेगळी असते म्हणून.

बालरोगतज्ज्ञ आईशी बोलतो. मूल समोर बसलेले असते, पण प्रश्न ‘याने काल रात्री काय खाल्ले?’ असा आईलाच विचारला जातो आणि उत्तरही तीच देते. पुढची तारीख आईच्या लक्षात असते, गोळ्यांची नावे तिला पाठ असतात, रक्ताच्या पिशवीसाठी फोन बाबा करतात. एखादी भेट चुकली तर बालरुग्णालयातून विचारणा होते; तेथील परिचारिका मुलाला त्याच्या घरच्या नावाने ओळखते. प्रौढांच्या बाह्यरुग्ण विभागात याच्या नेमके उलट चित्र असते. डॉक्टर रुग्णाकडे पाहून विचारतात, ‘काय होतंय?’ आणि अठरा वर्षांचा मुलगा सवयीने आईकडे पाहतो. भेट चुकली तर रांगेतला एक रुग्ण कमी होतो एवढेच. दोन्ही पद्धतींना आपापली कारणे आहेत, आणि मोठ्यांच्या दवाखान्यात दिवसाला शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला दोष देणे अन्यायाचे ठरेल. प्रश्न एवढाच, की एका पद्धतीतून दुसरीत जाण्यासाठी मुलाला कोणी शिकवलेले नसते.

त्यात वय अडचणीचे. मेंदूचा जो भाग परिणामांचा विचार करतो आणि आवेग आवरतो, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. म्हणजे नवे शहर, वसतिगृह, प्रवेशपरीक्षा, मित्रमंडळी, प्रेम हे सारे ज्या वर्षांत येते, नेमक्या त्याच वर्षांत आपण त्याच्या हाती आजाराची पूर्ण जबाबदारी देतो. आणि तीही एका दिवसात.

धागा कुठे तुटतो

याचे परिणाम जेथे मोजले गेले तेथील आकडे अस्वस्थ करणारे आहेत. टोरँटो येथे गुंतागुंतीचे जन्मजात हृदयविकार असलेल्या १९ ते २१ वर्षांच्या ३६० तरुणांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की त्यांच्यापैकी जेमतेम ४७ टक्के तरुणच प्रौढांच्या विशेष केंद्रापर्यंत पोहोचले होते. कॅनडात उपचारांचा खर्च सरकार करते, तरी ही स्थिती. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथून २००० मध्ये आलेला अनुभव अधिकच कटू आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले २० तरुण प्रौढांच्या विभागाकडे सोपवण्यात आले आणि पुढच्या तीन वर्षांत त्यांपैकी सात जणांची प्रत्यारोपित मूत्रपिंडे अनपेक्षितपणे निकामी झाली. प्रत्यारोपणानंतर शरीराचा विरोध दाबून ठेवणाऱ्या गोळ्या रोज, ठरल्या वेळी घ्याव्या लागतात. त्या चुकल्या तरी लगेच काही जाणवत नाही. जाणवते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

अमेरिकेतील डॅलस येथे सिकल सेल असलेल्या ९४० मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करण्यात आला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार सर्वांत गंभीर प्रकाराची सुमारे ९४ टक्के मुले अठराव्या वर्षापर्यंत जगली. अलीकडच्या काळात जे मृत्यू झाले, त्यांतील बहुतेक अठरा वर्षांनंतर, प्रौढांच्या दवाखान्याकडे गेल्यावर थोड्याच काळात झाले होते. विदर्भातील आणि नंदुरबार परिसरातील हजारो कुटुंबांना हा आजार घरचाच आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अंतर्भूत आहे, ही समाधानाची बाब. कारण येथे तरी अठराव्या वर्षी रेघ ओढलेली नाही. तपासणी आणि आयुष्यभराचा पाठपुरावा या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थॅलेसेमियाच्या बाबतीत धागा तुटतो तो वेळापत्रकात. थॅलेसेमिया मेजर असलेल्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. शाळेच्या वयात तो एक दिवस कसाबसा निघतो. नोकरी लागल्यावर महिन्यातून एक-दोन दिवसांची रजा कोणत्या कारणासाठी मागायची, आणि साहेबांना खरे सांगायचे का, हा प्रश्न येतो. रक्ताबरोबर आलेले लोह हृदयात, यकृतात आणि अंतःस्रावी ग्रंथींत साठत जाते. ते काढणारे औषध रोज घ्यावे लागते. पूर्वी त्यासाठी पोटाच्या त्वचेखाली सुई टोचून रात्रभर छोटा पंप चालवावा लागे. आता तोंडाने घ्यायची औषधे आहेत. तरीही ती टाळली जातात, कारण आज गोळी न घेतल्याने उद्या काहीच होत नाही. या रुग्णांच्या मृत्यूचे प्रमुख कारण मात्र हृदयात साठलेले लोहच राहिले आहे.

टाइप १ मधुमेहाची गोष्ट थोडी निराळी. येथे शिकण्याची संधी रोजच मिळते. तरीही पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा इन्शुलिन टोचून घेतो, पण मात्रा किती ते आई ठरवते, अशी घरे पुष्कळ आहेत. वसतिगृहात गेल्यावर मेसच्या पोळ्या मोजायच्या कोणी? जेवणाआधीचे इंजेक्शन चारचौघांत घ्यायचे, की स्वच्छतागृहात जाऊन? आणि ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही ते मद्य: मद्यामुळे यकृतातून साखर सुटण्याची क्रिया मंदावते आणि पार्टीनंतर कित्येक तासांनी, पहाटे झोपेत, साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. ‘आमचा मुलगा पीत नाही’ असे आईच्या समोर सांगितले जाते. म्हणून डॉक्टर त्याबद्दल काही बोलतच नाहीत. ही माहिती त्या मुलाला कोणीतरी दिली पाहिजे.

‘ऑपरेशन झाले, आता विसरा’

या साऱ्यांत सर्वांत फसवा प्रकार शस्त्रक्रियेने ‘बरे’ झालेल्या हृदयाचा आहे. दोन-तीन वर्षांच्या बाळावर टेट्रालॉजी ऑफ फॅलोची शस्त्रक्रिया होते, मूल गुलाबी होते, खेळू लागते. पालक सुटकेचा श्वास सोडतात आणि छातीवरचा व्रण एवढीच खूण उरते. परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी फुप्फुसाकडे जाणारा अरुंद मार्ग रुंद करावा लागतो. त्यात तेथील झडप अनेकदा गळकी होते. अशा गळतीने हृदयाचा उजवा कप्पा वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू फुगत जातो. या काळात रुग्णाला धाप लागत नाही, तो क्रिकेट खेळतो, जिने चढतो. त्रास सुरू होतो तो कधी हृदयाच्या ठोक्यांच्या गंभीर अनियमिततेने. वेळच्या वेळी तपासणी झाली असेल तर झडप बदलून हे टाळता येते. म्हणून अशा शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा जन्मभराचा असतो. हे वाक्य पालकांना सांगितले गेलेले असते. मुलाला क्वचितच.

संधिवाती तापामुळे हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांचीही स्थिती अशीच. त्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. झडपेला किती इजा झाली त्यावरून ते विशीपर्यंत, चाळिशीपर्यंत किंवा आयुष्यभर चालू ठेवायचे असते. इंजेक्शन दुखते, मूल ठणठणीत दिसते आणि गाव बदलले की मालिका खंडित होते. ताप पुन्हा उलटला की झडपेची आणखी हानी होते.

कर्करोगातून बरी झालेली मुले या यादीत का, असे वाटेल. बालपणी दिलेल्या काही औषधांचा आणि किरणोपचारांचा परिणाम पुढे दहा-वीस वर्षांनी हृदयावर, थायरॉइडवर, प्रजननक्षमतेवर दिसू शकतो. क्वचित दुसरा कर्करोगही उद्भवतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने हे ओळखून १९९१ मध्येच उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र दवाखाना सुरू केला. बरे झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने उभा राहिला. दीर्घकालीन पाठपुराव्याचे आदर्श उदाहरण शोधण्यासाठी महाराष्ट्राला परदेशात जाण्याची गरज नाही, असे म्हणावेसे वाटते. ते इतर आजारांपर्यंत का पोहोचले नाही, हा प्रश्न मात्र उरतो.

जे केल्याने फरक पडला

ऑक्सफर्डमधील मूत्रपिंडतज्ज्ञांनी एक साधा प्रयोग केला. मुलांचे आणि मोठ्यांचे डॉक्टर एकाच वेळी उपस्थित राहतील असा संयुक्त दवाखाना सुरू केला आणि तरुणांसाठीचा दवाखाना रुग्णालयाबाहेर, विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात व क्रीडाकेंद्रात भरवायला सुरुवात केली. सोबत तरुणांशी बोलणारा कार्यकर्ता नेमला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पूर्वीच्या पद्धतीने थेट सोपवलेल्या नऊ तरुणांपैकी सहा जणांची प्रत्यारोपित मूत्रपिंडे निकामी झाली होती. नव्या पद्धतीने आलेल्या बारा जणांपैकी एकाचेही नाही. संख्या लहान आहे, हे खरे. पण हा फरक पडला तेव्हा औषधे तीच होती.

कॅनडातील विनिपेग येथे २००२ पासून टाइप १ मधुमेहाच्या तरुणांसाठी एक समन्वयक नेमण्यात आला. त्याचे काम काय, तर फोन करणे, निरोप पाठवणे, भेटीची वेळ ठरवून देणे आणि चुकलेली भेट पुन्हा जुळवून देणे. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथे मुलांना अकराव्या वर्षापासूनच प्रश्नावल्या भरायला देतात. माझ्या आजाराचे नाव मला सांगता येते का, औषधे मला स्वतःला मागवता येतात का, डॉक्टरांना मी एकटा भेटू शकतो का, असे त्यांतील प्रश्नांचे स्वरूप असते आणि वय वाढेल तशी ती प्रश्नावली पुढच्या टप्प्यावर जाते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने फेब्रुवारी २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना जारी करून तयारी तेरा-चौदाव्या वर्षी सुरू करावी, प्रत्येक तरुणासाठी एक नामनिर्देशित व्यक्ती असावी आणि बदलीपूर्वी नव्या डॉक्टरांशी ओळख झालेली असावी, असे सांगितले. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०११ मध्ये याच धर्तीवर मार्गदर्शन केले आणि २०१८ मध्ये ते अद्ययावत केले.

आपल्याकडे एवढी व्यवस्था नसली तरी यातील बराचसा भाग घरात आणि दवाखान्यात विनाखर्च करता येण्याजोगा आहे. बारा-तेराव्या वर्षी मुलाला आपल्या आजाराचे नाव, त्यात शरीरात काय बिघडले आहे आणि प्रत्येक औषध कशासाठी आहे, हे स्वतःच्या शब्दांत सांगता यावे. चौदा-पंधराव्या वर्षापासून डॉक्टरांच्या भेटीतील काही मिनिटे पालकांनी बाहेर थांबावे. आईला हे अवघड जाते. दहा-पंधरा वर्षे रात्री-अपरात्री उठून जिने आजार सांभाळला तिला दाराबाहेरच्या बाकावर बसायला सांगणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि डॉक्टरांनी ती तिला समजावून सांगायला हवी. सोळाव्या वर्षी औषधांच्या दुकानात मुलाने स्वतः जावे, भेटीची वेळ स्वतः घ्यावी, अहवाल स्वतः वाचावा. चुका होतील, त्या घरी असताना, आई-बाबा शेजारच्या खोलीत असताना झालेल्या बऱ्या. आणि बदलीची वेळ निवडताना दहावी-बारावीची परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा आजार बळावलेला काळ टाळावा. सारे स्थिर असतानाच दार बदलावे.

मुलींचा वेगळा प्रश्न

अपस्मार असलेल्या मुलीला लहानपणापासून सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असते. औषध उत्तम काम करते, झटके थांबतात, म्हणून कोणी ते बदलत नाही. परंतु गरोदरपणात हेच औषध चालू राहिले तर साधारणपणे दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते आणि दहापैकी तीन ते चार मुलांच्या बौद्धिक व मानसिक वाढीवर परिणाम होतो. बालरोगतज्ज्ञाने हा विषय काढलेला नसतो, कारण त्याच्यासमोर मूल असते. प्रौढांच्या डॉक्टरांपर्यंत ती पोहोचते तेव्हा कधी कधी दिवस गेलेले असतात. पर्यायी औषधे आहेत. पण बदल गर्भधारणेच्या आधी, सावकाश आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. स्वतःहून गोळी बंद करणे जीवघेणे ठरू शकते. हाच धोका वेगवेगळ्या रूपांत इतरत्रही आहे: कृत्रिम झडप बसवलेल्या मुलीला रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन, सिकल सेलमधील हायड्रॉक्सियुरिया, मूत्रपिंडाच्या विकारांतील रक्तदाबाच्या काही गोळ्या.

आणि मग लग्न. आजार लपवून लग्न लावण्याची रीत आपल्याकडे अजूनही गेलेली नाही. लग्नानंतर सासरी गोळ्या लपवाव्या लागतात. लपवलेल्या गोळ्या चुकतात आणि पहिला झटका सगळ्यांसमोर येतो. अपस्मार हे हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या आड येणारे कारण होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते वगळण्यात आले, हे अनेक सुशिक्षित कुटुंबांनाही ठाऊक नसते. मुलीने आजाराबद्दल कोणाला, केव्हा, कोणत्या शब्दांत सांगायचे हे तिने ठरवायचे आहे. परंतु त्याची चर्चा ‘स्थळ’ येण्याच्या आठवड्यात नव्हे, बरीच आधी, तिच्या डॉक्टरांबरोबर व्हायला हवी.

कागदपत्रे, विमा आणि सवलती

मराठी घरांत आजाराचा इतिहास बहुधा कपाटाच्या वरच्या खणात, साडीच्या दुकानाच्या पिशवीत असतो. पंधरा वर्षांचे कागद नव्या डॉक्टरांपुढे ओतण्यात अर्थ नाही. बालरोगतज्ज्ञांकडून एक-दोन पानांचा सारांश लिहून घ्यावा. त्यात निदान, ते कधी व कशावरून झाले, प्रत्येक शस्त्रक्रियेचे नेमके नाव व तारीख, सध्याची औषधे व मात्रा, कोणत्या औषधाची प्रतिक्रिया आली, लसीकरण, अलीकडच्या महत्त्वाच्या तपासण्या आणि आणीबाणीत काय करावे, एवढे असावे. वारंवार रक्त घेणाऱ्यांच्या सारांशात रक्तगटाबरोबरच शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांची नोंद हवी. प्लीहा काढली असेल तर तसे ठळक लिहिलेले हवे. त्याची एक प्रत फोनमध्ये ठेवावी. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मोहिमेतील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाला असे कागद जोडून ठेवता येतात.

विम्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीत अवलंबित मुलांना बहुतेक ठिकाणी २५ वर्षांपर्यंतच संरक्षण असते. ते संपल्यावर नव्याने पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ लागू होतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली आहे. जुन्या पॉलिसीतून खंड न पडता स्वतःच्या पॉलिसीत स्थलांतर केले तर आधी काढलेला प्रतीक्षाकाळ गमवावा लागत नाही. म्हणून हे काम नूतनीकरणाच्या तारखेच्या बरेच आधी हाती घ्यावे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतही मुलगा कमावता होईपर्यंत किंवा २५ वर्षांचा होईपर्यंतच पात्र असतो. अपंगत्व असल्यास मात्र ही वयोमर्यादा नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल यांचा समावेश दिव्यांगत्वात केला. ठरावीक टक्केवारीचे प्रमाणपत्र असेल तर उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांचा लाभ मिळतो. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणात मात्र हे रक्तविकार धरलेले नाहीत. हा भेद अनेकांना अर्ज फेटाळला गेल्यावर कळतो. टाइप १ मधुमेहाच्या विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळे, पाणी नेण्याची मुभा सीबीएसईने २०१७ मध्ये दिली. इतर परीक्षांसाठी तशी परवानगी आधीच लेखी मागून ठेवावी.

ज्यांना स्वतःचा निर्णय घेणे शक्य नाही

वर सांगितलेली सारी तयारी मूल एक दिवस स्वतःचा कारभार पाहील, या गृहीतावर उभी आहे. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या अनेक तरुणांबाबत ते गृहीत चालत नाही. तेथे पालकांना वेगळाच धक्का बसतो. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आई-वडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करताना किंवा बँकेत खाते उघडताना ही अडचण अचानक समोर येते.

यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी जिल्हा पातळीवरील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमून देते. जिल्हाधिकारी या समितीचे अध्यक्ष असतात. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण मिळते आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार व विविध थेरपींचा खर्चही धरलेला आहे, जो एरवीच्या विम्यात सहसा मिळत नाही. पालकत्वाचा अर्ज अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर करता येतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, जन्मदाखला आणि कुटुंबाची कागदपत्रे मात्र सतराव्या वर्षीच एकत्र करून ठेवलेली बरी, कारण प्रमाणपत्राच्या नूतनीकरणालाच काही महिने लागू शकतात. आई-वडील दोघांपैकी कोणीही नसताना पुढे कोण, याचे नावही त्याच वेळी घरात बोलून ठरवावे.